स्वतंत्र परिचर्या-सल्ला व्यवसाय : कामातील आनंद व जीवनातील समतोल
(कपिलधार परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंबा घाटाजवळ, बालाघाटाच्या डोंगरकुशीत कपिलधार हे तीर्थक्षेत्र वसलेले आहे. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार आणि ‘परमरहस्य’कार संत मन्मथ स्वामी यांची समाधी यांमुळे हे स्थान मराठवाड्याच्या व सीमाभागाच्या वीरशैव लिंगायत समाजाला परिचित आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दूरदूरच्या गावांतून दिंड्या पायी येतात. यात्रा आटोपली की परिसर पुन्हा शांत होतो. मांजरसुंबा, लिंबागणेश, नेकनूर, चौसाळा या पंचक्रोशीतील जीवन कोरडवाहू शेती, दूधदुभते आणि ऊसतोडीचे स्थलांतर यांभोवती फिरू लागते.

अशा परिसरात घरी अंथरुणाला खिळलेला वृद्ध, मधुमेहाने पायाला जखम झालेली स्त्री किंवा रुग्णालयातून नुकताच सुटलेला अर्धांगवायूचा रुग्ण असेल, तर त्या कुटुंबाला रोज डॉक्टरची गरज नसते. गरज असते ती योग्य रीतीने मलमपट्टी करणाऱ्या, नळीची निगा राखण्यास शिकवणाऱ्या आणि ‘आता दवाखान्यात न्यायला हवे’ हे वेळेवर सांगणाऱ्या जाणकार व्यक्तीची. ही व्यक्ती म्हणजे परिचारिका, गावाच्या भाषेत ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’. रुग्णालयातील नोकरीबाहेर राहून असे काम स्वतःच्या जबाबदारीवर, मोबदला घेऊन करणे, म्हणजेच स्वतंत्र परिचर्या-सल्ला व्यवसाय होय. मोठ्या शहरांत तो रुजू लागला आहे; तालुक्याच्या पातळीवर त्याला अद्याप नीटसे नावही मिळालेले नाही. हा व्यवसाय स्वीकारणारी स्त्री कामाचा आनंद कसा टिकवू शकते आणि संसार, स्वतःचे आरोग्य व व्यवसाय यांचा तोल कसा सांभाळू शकते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवसायाचे स्वरूप व कायद्याची चौकट :

या कामाच्या मर्यादा प्रथम स्पष्ट करणे अगत्याचे आहे, कारण मर्यादा ठाऊक नसणे हेच पुष्कळशा मनस्तापाचे कारण ठरते. महाराष्ट्रात परिचारिकेला काम करण्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आवश्यक असून तिचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आहे. देशपातळीवर १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम मंजूर केला. रोगनिदान करणे व स्वतःच्या मताने औषध लिहून देणे हे स्वतंत्र परिचारिकेचे काम नव्हे. इंजेक्शन, सलाईन किंवा लघवीची नळी यांसाठी डॉक्टरांची लेखी सूचना हवी. तरीही तिच्या अधिकारात उरणारे क्षेत्र लहान नाही. रुग्णाची कूस बदलणे, पाठीवरील जखमा टाळणे, मधुमेही पायाची रोजची तपासणी, स्तनपानाविषयी मार्गदर्शन, इन्सुलिन घेण्याचे शिक्षण, रुग्णाची सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलाला हाताशी धरून तयार करणे ही सर्व कामे तिचीच आहेत. लहान रुग्णालयांना जंतुसंसर्ग-नियंत्रणाची पद्धत बसवून देणे आणि नोंदवह्या लावून देणे हीही सल्ल्याचीच कामे होत.

गावात मात्र अपेक्षा निराळी असते. ‘सिस्टर, एवढी एक सुई मारून जा’ असा आग्रह घरोघरी होतो. सुई दिली नाही तर काहीच केले नाही, अशी समजूत असते. येथे नकार देण्याचे धैर्य नसलेली परिचारिका लवकरच अर्धवट डॉक्टरच्या भूमिकेत ढकलली जाते. त्यात कायदेशीर धोका तर आहेच. शिवाय रात्रीची झोपही जाते.

थकव्याचे मूळ :

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोग-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत व्यवसायजन्य मानसिक थकव्याची तीन लक्षणे नोंदविली : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी मनाचा दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे. संघटनेने त्याला आजार न मानता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाशी जोडले, ही बाब महत्त्वाची आहे. याचा अर्थ असा की उपाय केवळ त्या व्यक्तीच्या मनोबलात न शोधता कामाच्या रचनेत शोधावा लागतो.

सामान्यतः समतोलाचा विचार ‘सुट्टी किती’ या हिशेबाने केला जातो. स्वतंत्र परिचारिकेच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो. तिच्या सुट्टीच्या दिवशी रुग्ण बरा झालेला नसतो आणि दूरध्वनीही बंद नसतो. रविवारी ती घरी असते, परंतु तिचे मन त्या मलमपट्टीपाशी असते. तेव्हा प्रश्न सुट्टीचा नाही. ती नसताना त्या घरात काय होते, हा आहे.

हा प्रश्न नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परिचर्येवरील पुस्तकात छोट्या व्यवस्थापनावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. परिचारिका हजर असताना जे घडते ते ती गैरहजर असतानाही घडावे, अशी व्यवस्था लावणे म्हणजे व्यवस्थापन, असा त्याचा आशय आहे. सर्व कामे स्वतः करणारी परिचारिका त्यांच्या मते चांगली व्यवस्थापक ठरत नाही. आज हे प्रकरण वाचताना जाणवते की रुग्णाच्या हितासाठी सांगितलेली ही गोष्ट परिचारिकेच्या स्वतःच्या स्वास्थ्याचीही गुरुकिल्ली आहे. ज्या घरात सुनेला जखम धुण्याची रीत, हात धुण्याचा क्रम आणि धोक्याची चिन्हे नीट समजली आहेत, त्या घरातून रात्री अकरा वाजता दूरध्वनी क्वचितच येतो.

कायक : कपिलधारच्या परंपरेतील एक विचार :

कपिलधार ज्या परंपरेचे क्षेत्र आहे, तिच्यात श्रमाविषयी एक स्पष्ट भूमिका आढळते. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वर व शरणांनी ‘कायक’ ही कल्पना मांडली. प्रामाणिकपणे केलेले आपले काम हीच उपासना, आणि त्या कामातून आलेल्या प्राप्तीतील वाटा समाजासाठी, म्हणजे ‘दासोह’, असे तिचे दुहेरी स्वरूप आहे. चांभार, दोर वळणारा, नावाडी, सूत कातणारी स्त्री अशा सर्वांच्या कामाला या विचाराने सारखीच प्रतिष्ठा दिली. रुग्णाचे मलमूत्र काढण्याचे काम ज्या समाजात हलके मानले गेले, तेथे परिचर्येला या विचाराचा आधार मोठा आहे.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘काम हीच पूजा’ हे वाक्य नोकरी देणारा मालक उच्चारतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘पगार मागू नका’ असाच होतो. ‘सेवाभाव’ या शब्दाने परिचारिकांचे जेवढे कौतुक झाले तेवढेच त्यांचे नुकसानही झाले आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून पुढे आलेल्या ‘आशां’ना स्वयंसेविका म्हटले गेले आणि वेतनाऐवजी कामागणिक मोबदला ठेवला गेला, त्यांची आंदोलने वारंवार का होतात याचे उत्तर या शब्दयोजनेत बरेचसे सापडते. कायकाचा मूळ विचार असा एकांगी नाही. त्यात श्रमाचे मोल नाकारलेले नसून, मोल किती घ्यावे याची मर्यादा सांगितली आहे.

शरणांपैकी आयदक्की मारय्या व त्यांची पत्नी लक्कम्मा यांची कथा या दृष्टीने बोलकी आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते घरात घेण्यास नकार दिला आणि गरजेपुरते ठेवून उरलेले परत टाकून येण्यास सांगितले. या कथेकडे सहसा अपरिग्रहाचा धडा म्हणून पाहिले जाते. व्यवसायाच्या अंगाने पाहिल्यास तिच्यात ‘पुरेसे’ ठरविण्याचा अधिकार दिसतो, आणि तो अधिकार घरातील स्त्रीने बजावलेला आहे. आज किती रुग्ण घ्यायचे आणि कोणत्या रुग्णाला ‘आता माझी गरज नाही’ असे सांगायचे, हे परिचारिकेने स्वतः ठरविणे म्हणजे याच अधिकाराचा वापर होय.

जामखेडचा अनुभव :

या विचाराचे प्रत्यक्ष उदाहरण बीड जिल्ह्याच्या सीमेलगतच आहे. आष्टी-पाटोद्याच्या पलीकडे अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित सहायक परिचारिका-प्रसाविका गावोगावी ठेवाव्यात, असा त्यांचा आरंभीचा विचार होता. तो फारसा जमला नाही. परक्या गावात एकटीने राहणे त्या परिचारिकांना कठीण जाई आणि गावालाही त्या आपल्या वाटत नसत. एकटेपणा आणि परकेपणा या दोन गोष्टी परिचारिकेचा उत्साह किती लवकर संपवितात, हे या अनुभवावरून ध्यानात येते. आज स्वतंत्रपणे काम करणारी परिचारिकाही नेमक्या याच दोन गोष्टींना सामोरी जाते.

त्यानंतर गावानेच निवडलेल्या स्त्रियांना ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. त्यांतील अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित व परित्यक्ता होत्या. या रचनेतील तीन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. कार्यकर्तीचा चरितार्थ रुग्णांच्या संख्येवर अवलंबून नव्हता. शेती, शेळ्या, कोंबड्या किंवा लहानसहान धंदा हे तिच्या उत्पन्नाचे साधन होते आणि त्यासाठी तिला साहाय्य मिळे. दुसरे असे की, या स्त्रिया नियमितपणे जामखेडला एकत्र येत, तेथे मुक्काम करीत, एकत्र जेवत, आपल्या गावातील अडचणी एकमेकींना सांगत आणि नवे शिकत. निरनिराळ्या जातींच्या स्त्रियांनी एका पंगतीत बसणे हे सत्तरच्या दशकात सोपे नव्हते. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांचे काम औषध वाटण्याचे कमी आणि ज्ञान वाटण्याचे जास्त होते. मुलाला हगवण लागल्यावर मीठ-साखर-पाणी कसे करावे हे एका घराला शिकविले की पुढच्या वेळी कार्यकर्तीला बोलावण्याची गरज उरत नसे.

प्रकल्पक्षेत्रात १९७१ च्या सुमारास अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजारी १७६ होते. नव्वदच्या दशकात ते पंचविसाच्या खाली आले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. या कार्यकर्त्यांपैकी काही जणी कित्येक दशके काम करीत राहिल्या. ज्या कामात पगार नाममात्र, रात्री-अपरात्री बाळंतपणे आणि गावकीची टीका पाचवीला पुजलेली, ते काम इतकी वर्षे कसे टिकले? आपल्या हातून काही घडते आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते, आणि त्या एकट्या नव्हत्या, हे त्याचे उत्तर दिसते. थकव्याची जी तीन लक्षणे वर सांगितली, त्यांतील दोहोंवर हा नेमका उतारा आहे.

थोड्याफार फरकाने हेच सूत्र नेदरलँड्समध्ये आढळते. योस द ब्लॉक या परिचर्या क्षेत्रातील कार्यकर्त्याने २००६ मध्ये स्थापन केलेल्या ‘ब्यूर्टझोर्ग’ या संस्थेत जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा एक गट असतो. गट आपले वेळापत्रक स्वतः ठरवितो, वरचा अधिकारी ते ठरवीत नाही. रुग्णाला व त्याच्या शेजाऱ्या-पाजाऱ्यांना स्वावलंबी करणे हे गटाचे ध्येय असते. श्रीमंत युरोपीय देश आणि दुष्काळी जामखेड यांची तुलना सर्व बाबतींत करता येणार नाही. तरी दोन्हीकडे गट लहान आहे आणि रुग्णाचे अवलंबित्व कमी करणे हेच यश मानले आहे, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

मोबदल्याची रीत :

येथे व्यवसायाचा खरा पेच उभा राहतो. जामखेडच्या कार्यकर्तीचे पोट रुग्णावर अवलंबून नव्हते. स्वतंत्र परिचारिकेचे असते. ती प्रत्येक भेटीचे पैसे घेत असेल तर रुग्णाला स्वावलंबी करणे म्हणजे स्वतःचे उत्पन्न कमी करणे होय. शिकवावे तर तोटा, न शिकवावे तर मनस्ताप. हेतू कितीही शुद्ध असला तरी दर भेटीच्या मोबदल्याची रीत माणसाला हळूहळू एका बाजूला ओढते.

या ओढीचे भयंकर रूप बीड जिल्ह्याने पाहिले आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. एकीकडे शस्त्रक्रियेगणिक मिळणारे पैसे, तर दुसरीकडे एक दिवस कामावर न गेल्यास कापला जाणारा ‘खाडा’ आणि मुकादमाकडून घेतलेली उचल. या दोहोंच्या कात्रीत सापडलेली स्त्री ‘पिशवी काढून टाकली की कटकट मिटेल’ या सल्ल्याला होकार देत होती. निर्णयापूर्वी तिच्याशी शांतपणे बोलणारे, जिचा त्या शस्त्रक्रियेत कोणताही आर्थिक लाभ नाही असे कोणीच तिच्याजवळ नव्हते.

परिचारिका रोगनिदान करू शकत नाही, हे खरे. पण डॉक्टरांना काय विचारावे हे ती शिकवू शकते. सोनोग्राफीत नेमके काय दिसले? गोळ्यांनी पाहता येईल का? दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे का? अंडाशय ठेवणार की काढणार? काढल्यास पुढे हाडांवर काय परिणाम होतो? हे पाच प्रश्न एका कागदावर लिहून देणे आणि शासकीय रुग्णालयात सोबत जाणे, हा अस्सल परिचर्या-सल्ला आहे. त्यासाठी मोबदला घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. संकोच कशाचा वाटावा, तर भेटी वाढविण्याचा.

म्हणून मोबदला भेटीगणिक न ठेवता पूर्ण कामाचा ठरविणे अधिक हितावह दिसते. उदाहरणादाखल, मधुमेही पायाच्या जखमेसाठी सहा आठवड्यांचा एकच आकार ठरवावा; त्यात आरंभी भेटी दाट, पुढे विरळ, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घरच्या माणसाने परिचारिकेदेखत मलमपट्टी करून दाखवावी. जितक्या लवकर घरचे शिकतील तितका तिचा वेळ वाचतो, आणि उत्पन्नही घटत नाही. रुग्णाचे हित व तिचे स्वास्थ्य येथे एका दिशेला येतात.

आकार ठरविताना प्रवास विसरू नये. दिवसाला सहा भेटी आणि प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे तीन तासांचे काम असे कागदावर दिसते. डोंगराळ वाड्यांमधील प्रवासाला प्रत्येकी चाळीस मिनिटे धरली तर त्यात चार तासांची भर पडते, आणि नोंदी लिहिण्यास आणखी एक तास लागतो. आठ तासांच्या दिवसात तीन तासांचेच पैसे घेणारी परिचारिका वर्षभरात कंटाळते आणि दोष स्वतःच्या स्वभावाला देते. जी कुटुंबे पूर्ण आकार देऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी काही रुग्ण विनामूल्य किंवा अल्प दरात घ्यावेत. पण ती संख्या आधी ठरवून घ्यावी. दासोहसुद्धा स्वतःची चूल पेटल्यानंतरच होतो. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत १८९३ पासून घरोघर परिचर्या करणाऱ्या लिलियन वाल्ड यांनीही ऐपतीप्रमाणे थोडे पैसे घेण्याची पद्धत ठेवली होती. थोडेफार दिल्याने रुग्णाचा स्वाभिमान राहतो, ही त्यामागील दृष्टी होती.

ऋतुमान व दिनक्रम :

कपिलधार परिसरातील कामाला ऋतूंचा बांध आहे. पावसाळ्यात ताप, हगवण आणि सर्पदंश. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आणि इन्सुलिन थंड ठेवण्याची अडचण. शीतकपाट नसलेल्या घरात ओल्या मातीच्या माठात इन्सुलिन ठेवण्याची युक्ती येथे उपयोगी पडते, आणि ती शिकविण्यास दहा मिनिटे पुरतात. दसरा-दिवाळीनंतर धडधाकट माणसे ऊसतोडीला जातात आणि गावात वृद्ध व लहान मुले उरतात. त्या पाच-सहा महिन्यांत शिकवायला घरात कर्ता माणूस नसतो. म्हणून या काळात रुग्णसंख्या मुद्दाम कमी धरावी आणि शेजारघरातील एखाद्या मुलीला किंवा सासूला तयार करण्यावर वेळ द्यावा. वर्षभर एकच वेळापत्रक चालविण्याचा हट्ट शहरी आहे.

दूरध्वनीचेही असेच. सकाळी एक तास व संध्याकाळी एक तास अशी वेळ प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावी आणि तिच्याखाली तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, हेही लिहावे. आरंभी लोक नाराज होतात. नंतर सवय होते. जवळपासच्या तालुक्यांतील दोघी-चौघी परिचारिकांनी महिन्यातून एकदा भेटावे, अवघड रुग्णांची चर्चा करावी, एकमेकींच्या सुट्टीत एकमेकींचे रुग्ण पाहावेत. घरातही एक गोष्ट स्पष्ट असावी : ती बाहेर असताना तिच्या घरातील आजारी माणसाकडे कोण पाहणार. गावभर परिचर्या शिकविणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या घरात ती कला अन्य कोणालाच येत नाही, असे पुष्कळदा आढळते. पतीने सासऱ्यांची कूस बदलण्यास शिकणे हा व्यवसायाच्या नियोजनाचाच भाग आहे.

ऊसतोडीला निघणाऱ्या टोळीत पायाची जखम अजून पुरती न भरलेली स्त्री असेल तर तिला थांबविणे परिचारिकेच्या हाती नसते. उचल घेतलेली असते. अशा वेळी एका जाड कागदावर शेवटची साखर, रक्तदाब, जखमेचे माप, मलमपट्टीचा क्रम आणि कोणत्या चार चिन्हांवर थांबायचे नाही हे मोठ्या अक्षरांत लिहून, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हाती द्यावा, आणि सोबत जाणाऱ्या जावेकडून निघण्यापूर्वी एकदा तिच्यादेखत पट्टी करवून घ्यावी. मालमोटार गाव सोडून सांगली-कोल्हापूरच्या वाटेला लागते, तेव्हा तो कागद आणि ते दोन शिकलेले हात तिच्याबरोबर असतात.